गोष्ट सांगणारी चित्रं आणि नुसती पाहणारी चित्रं: जर्मन जनजीवनचित्रण समजून घेताना

कार्ल श्पिट्झवेगचं 'गरीब कवी' हे 1839 मधलं चित्र जर्मनीत बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं, पोस्टकार्डावर, कॅलेंडरवर किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर. मूळ चित्र मात्र लहान आहे, जेमतेम 36 बाय 45 सेंटीमीटर. त्यात पोटमाळ्यावरची एक खोली दिसते. उतरत्या छपराखाली जमिनीवरच गादी टाकली आहे. तिच्यावर जुना गाऊन गुंडाळून, डोक्यावर झोपायची टोपी घालून एक माणूस बसला आहे. गुडघ्यांवर कागद, दातांत पिसाची लेखणी. छप्पर गळतं म्हणून डोक्यावर उघडी छत्री टांगली आहे. खिडकीबाहेर छपरांवर बर्फ साचलंय, पण खोली तापवायची शेगडी गार आहे. तिच्यासमोर हस्तलिखितांचे गठ्ठे पडलेत आणि एका गठ्ठ्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, 'माझ्या लेखनाचा तिसरा गठ्ठा'. आधीचे दोन कुठे गेले असतील, ते पाहणाऱ्याने ओळखायचं. शेगडीच्या नळकांड्यावर त्याची उंच टोपी अडकवलेली आहे, म्हणजे आज काही शेगडी पेटत नाही. भिंतीवर वृत्ताची लघुगुरूची खूण खरडली आहे. कवीने एका हाताची चिमूट वर धरली आहे. तो मात्रा मोजतोय की पिसू चिरडतोय, यावर आजही दोन मतं आहेत.

इतकं सगळं एवढ्याशा चौकटीत, आणि त्यातली एकही वस्तू चुकून आलेली नाही. छत्री, गठ्ठा, टोपी, चिमूट ही सगळी वाक्यं आहेत. ती एका क्रमाने वाचली की गोष्ट पुरी होते. 'रोजच्या जगण्याचं चित्र' म्हटलं की आपल्याला वाटतं, चित्रकाराने समोर दिसलं ते उतरवून घेतलं. 19व्या शतकातल्या बहुतेक जर्मन चित्रांबाबत हे खरं नाही. ती रचलेली चित्रं आहेत. काय दाखवायचं, काय गाळायचं, कोणाला हसवायचं आणि कोणाला बोचू द्यायचं नाही, हे सगळं आधी ठरलेलं असे. त्याच शतकात काही चित्रकारांनी गोष्ट सांगणं सोडून फक्त पाहायचं ठरवलं, आणि तिथे हा प्रकार मुळापासून बदलला. हा फरक कळला की संग्रहालयातल्या या भिंती एकदम बोलक्या होतात.

युरोपात या प्रकाराला 'जॉन्र' चित्र म्हणतात. इथे आपण त्याला जनजीवनचित्र म्हणू. त्याची ओळख अशी: माणसं असतात, पण ती नावाने ओळखली जात नाहीत. राजा नाही, संत नाही, इतिहासातली लढाई नाही. स्वयंपाकघर, खानावळ, शाळा, शेत, लग्न, बाजार असं काहीतरी असतं. शेतकऱ्याचं नाव कळलं आणि चित्र त्याच्यासाठीच काढलेलं असेल, तर ते व्यक्तिचित्र होतं. 17व्या शतकात फ्रेंच अकादमीने चित्रप्रकारांची उतरंड लावली, तेव्हा इतिहास आणि धर्म सर्वांत वर गेले आणि हा प्रकार खाली ढकलला गेला. पुढची दोनेकशे वर्षं कला अकादम्यांमध्ये हीच उतरंड चालली. जनजीवनचित्र काढणं म्हणजे हलकं काम, असा समज त्यातून आला.

जर्मन प्रदेशात याची मुळं छापचित्रांत आहेत. आल्ब्रेख्ट ड्यूररने 1497 च्या सुमारास बोलत उभ्या असलेल्या तीन शेतकऱ्यांचं तांब्याच्या पत्र्यावरचं चित्र केलं. न्युरेंबर्गच्या झेबाल्ड बेहामने 1535 मध्ये गावजत्रेचं मोठं लाकडी ठशाचं चित्र छापलं. 18व्या शतकात बर्लिनमध्ये दानिएल खोडोविएत्स्कीने दोन हजारांहून अधिक लहान छापचित्रं केली आणि मध्यमवर्गीय घरातलं बसणं-उठणं घरोघरी पोहोचवलं. पण तैलचित्रांत या प्रकाराचा खरा बहर 1810 नंतरचा.

त्यातला गेओर्ग फ्रीड्रिश केर्स्टिंग अगदी वेगळा. ड्रेस्डेनच्या या चित्रकाराने एकेकट्या माणसांच्या खोल्या रंगवल्या. 1812 मधल्या 'भरतकाम करणारी' या चित्रात एक स्त्री खिडकीशी बसून टाके घालते आहे. तिची आपल्याकडे जवळजवळ पाठच आहे. चेहरा दिसतो तो समोरच्या आरशात. भिंतीवर एका तरुणाचं चित्र आहे, त्याला फुलांची वेल गुंडाळलेली. बस, एवढंच. 1812 मध्ये नेपोलियनची युद्धं युरोपभर चालू होती हे लक्षात घेतलं की त्या वेलीचा अर्थ उमगतो. श्पिट्झवेग दहा वस्तूंतून जे सांगतो, ते केर्स्टिंग एका वस्तूत सांगतो, आणि माझ्या मते जास्त खोलवर.

चित्र कोण विकत घेत होतं

हा प्रकार एवढा का फोफावला, याचं उत्तर पैशाच्या व्यवस्थेत आहे. राजदरबार आणि चर्च मोठी चित्रं घेत. वकील, व्यापारी, डॉक्टर, सरकारी अधिकारी यांना घरातल्या भिंतीला शोभेल असं चित्र हवं होतं, पण एकट्याने घेणं परवडत नसे. त्यावर तोडगा निघाला तो कलासंघांचा. म्युनिकचा कलासंघ 1823 मध्ये सुरू झाला, ऱ्हाइनलँड आणि वेस्टफालियाचा 1829 मध्ये ड्युसेलडॉर्फला. व्यवस्था आपल्या भिशीसारखी: प्रत्येक सभासद वर्षाला ठरावीक वर्गणी भरणार, जमलेल्या रकमेतून समिती प्रदर्शनातली काही चित्रं विकत घेणार, मग सोडत निघणार. ज्याचा नंबर लागला त्याला चित्र. ज्यांना काही मिळालं नाही, त्यांना एखाद्या चित्राची छापील प्रत. निदान ती तरी दरवर्षी हातात पडायची.

या पद्धतीचे परिणाम थेट चित्रांवर दिसतात. चित्र कोणाच्या घरी जाणार हे रंगवताना माहीत नसल्यामुळे ते कोणालाही चालेल असं हवं. दिवाणखान्यात मावेल एवढं लहान हवं. समितीसमोर एकाच वेळी ढीगभर चित्रं असत, त्यामुळे विषय दोन मिनिटांत कळायला हवा. म्हणून या चित्रांत आजी-नातू, पहिलं पत्र, रुसलेला नवरा, चोरून जाम खाणारं मूल असे विषय पुन्हा पुन्हा येतात. चित्रकारांमध्ये प्रतिभा नव्हती असं नाही. बाजाराची चाळणीच तशी होती.

श्पिट्झवेग या चाळणीच्या थोडा बाहेर राहिला. तो शिकलेला औषधनिर्माता. 1833 च्या सुमारास आजारपणानंतर चित्रकलेकडे वळला, अकादमीत कधी गेला नाही, जवळजवळ सगळं स्वतः शिकला. 'गरीब कवी' म्युनिकच्या कलासंघात मांडलं तेव्हा त्याचं स्वागत थंड झालं, कवीची टिंगल केल्याचा आक्षेप आला. आज जर्मनीतलं सर्वांत लाडकं चित्र म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्याची सुरुवात अशी झाली.

ड्युसेलडॉर्फमध्ये एक चित्र कसं तयार होई

ड्युसेलडॉर्फची प्रशियन कला अकादमी, म्हणजे प्रशिया या जर्मन राज्याची, 1819 मध्ये नव्याने उभी राहिली. 1826 पासून 1859 पर्यंत विल्हेल्म फॉन शाडो तिचा संचालक होता. त्याचा जीव धार्मिक आणि ऐतिहासिक चित्रांत, पण त्याने लावलेली शिस्त जनजीवन रंगवणाऱ्यांनाही मिळाली. विद्यार्थी आधी प्राथमिक वर्गात, मग पूर्वतयारीच्या वर्गात आणि शेवटी स्वतंत्र काम करणाऱ्यांच्या वर्गात जाई. आधी रेखाटन, प्लास्टरच्या मूर्ती, मग जिवंत मॉडेल. रंग सगळ्यांत शेवटी.

चित्राची सुरुवात हाताएवढ्या कागदावर होई. कोण कुठे उभं, उजेड कुठून येतो, डोळा आधी कुठे जातो, एवढंच त्यात ठरवायचं. नियम साधा होता: मुख्य घटना मध्याच्या थोडी बाजूला, तिच्यावर सर्वांत जास्त उजेड, आणि बाकीच्या किमान दोन-तीन माणसांची नजर तिच्याकडे. बेंजामिन व्होटिएचं 1868 मधलं 'नाचाचा पहिला धडा' पाहा. नाचाचा मास्तर, शिकायला उभ्या असलेल्या खेड्यातल्या मुली, भोवतीचे बघे. प्रत्येक चेहऱ्यावर वेगळी प्रतिक्रिया आहे, आणि त्या प्रतिक्रियांनीच चित्र पुढे सरकतं.

मग उन्हाळ्यात गावाकडे जाऊन अभ्यासचित्रं करायची. हात, चेहरे, खुर्चीचा पाय, चूल, जिना, असं सुटं सुटं. जुने कपडे, टोप्या, भांडी विकत घेऊन शहरातल्या स्टुडिओत आणायची. हिवाळ्यात पगारी मॉडेलला ते कपडे घालून बसवायचं. आणि कापडाच्या चुण्या कित्येक दिवस हलू नयेत म्हणून लाकडी, सांधे असलेल्या माणसाएवढ्या बाहुल्याला घालायचे. त्यामुळेच काही चित्रांत चेहरा जिवंत आणि खांद्याखालचं अंग मात्र ताठ वाटतं. कापड बाहुल्यावर, डोकं माणसाचं.

यातून एक हमखास चूक होई. गावचा पेहराव ही कडक भाषा होती. हेसेमधल्या श्वाल्म भागात स्त्रियांच्या छोट्या टोपीचा रंग वयाप्रमाणे आणि लग्नाप्रमाणे बदले: अविवाहित मुलींना लाल, नव्याने लग्न झालेल्यांना हिरवा, पुढे जांभळा आणि मग काळा. याच भागातल्या विलिंग्सहाउझेन गावात चित्रकार 1814 पासून येऊ लागले. युरोपातल्या सर्वांत जुन्या चित्रकार-वसाहतींमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. लुडविग क्नाउस 1849 पासून तिथे आला आणि त्याच्या चित्रांत हा पेहराव बारकाईने दिसतो. पण स्टुडिओत कपड्यांचं कपाट उघडून हाताला लागेल ते घालणारेही पुष्कळ होते. मग एका खोऱ्यातली चोळी, दुसऱ्या खोऱ्यातली टोपी, आणि लग्न न झालेल्या मुलीच्या डोक्यावर विवाहितेचा रंग. शहरी गिऱ्हाइकाला ते कळत नसे. गावातल्या माणसाला पहिल्या नजरेत कळलं असतं.

रंगवण्याचा क्रमही ठरलेला. लिननच्या कापडाला आधी सरसाचा हात, म्हणजे तेल थेट धाग्यांत जाऊन ते कुजत नाही. त्यावर खडू आणि सरस किंवा तेलात कालवलेला शिशाचा पांढरा, दोन-तीन पातळ थरांत. मग कागदावरचं रेखाटन चौकटी पाडून मोठं करून उतरवायचं. त्यावर तपकिरी रंगात सावल्यांचा पहिला थर, टर्पेंटाइनने पातळ केलेला. त्यावर अंगाचे आणि कपड्यांचे खरे रंग, आणि शेवटी पारदर्शक रंगाचे पातळ हात. वरच्या प्रत्येक थरात खालच्यापेक्षा तेल जास्त, हा इथला मुख्य नियम. तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि जितकं तेल जास्त तितका वेळ जास्त. खाली तेलकट आणि वर कोरडा थर दिला, तर वरचा आधी कडक होतो, खालचा मागून हलत-आकसत राहतो आणि वरच्याला भेगा पडतात. स्पर्शाला रंग काही दिवसांत सुकतो, आतून मात्र महिने लागतात. म्हणून शेवटचं रोगण सहा महिने ते वर्षभर थांबून द्यायचं. प्रदर्शनाची तारीख जवळ आली की हे थांबणं पहिलं सुटायचं.

या काळातल्या चित्रांचा मोठा शत्रू म्हणजे डांबरी तपकिरी, अस्फाल्ट. लावताना तो मोहक दिसतो. खोल, उबदार, सोनेरी सावल्या एका हातात मिळतात आणि नवं चित्र जुन्या डच चित्रासारखं भासतं. पण तो पूर्ण कधीच वाळत नाही. खोली तापली की मऊ होतो, आकसतो, आणि त्याच्यावरचा रंग बेटांसारखा सरकत जातो. सावलीच्या भागात मगरीच्या पाठीसारख्या रुंद, खोल भेगा आणि काळवंडलेला पृष्ठभाग दिसला, आणि त्याच चित्राचे उजळ भाग मात्र धड असले, तर बहुधा कारण हेच. यावर खरा उपाय नाही; सरकलेला रंग परत जागेवर येत नाही.

रोगणाचीही एक गोष्ट म्युनिकची आहे आणि ती महत्त्वाची आहे. तिथल्या संग्रहातली चित्रं धुरकट, करडी दिसू लागली होती. स्वच्छतेच्या शास्त्रातलं मोठं नाव असलेल्या माक्स फॉन पेटेनकोफरने 1860 च्या दशकात कारण शोधलं: रोगणात अतिसूक्ष्म भेगा पडतात आणि त्यांत उजेड विखुरतो, म्हणून ते पांढुरकं दिसतं. त्याचा उपाय असा, की चित्र बंद पेटीत अल्कोहोलच्या वाफेत ठेवायचं. रोगणातली राळ मऊ होते, भेगा मिटतात, चित्र परत लख्ख. जोडीला कोपायबा नावाचा चीक चोळायचा. परिणाम इतका झटपट होता की पद्धत दूरवर पसरली. पुढे लक्षात आलं की वाफ आणि चीक रोगणापाशी थांबत नाहीत, खालचा रंगही फुगवून मऊ करतात. थर एकमेकांत मिसळतात, आणि धुरकटपणा काही काळाने परत येतो. निदान अचूक आणि उपाय घातक. चित्रसंवर्धन शिकणाऱ्यांना हे उदाहरण म्हणूनच सांगितलं जातं.

चौकटीबाहेर राहिलेलं

कलासंघाच्या चित्रांतला शेतकरी बहुधा धष्टपुष्ट, निवांत आणि सणाच्या कपड्यांत असतो. प्रत्यक्षात 1840 चं दशक उपासमारीचं होतं. बटाट्यावर रोग पडला, यंत्राच्या स्वस्त कापडापुढे हातमाग हरला, माणसं बोटीने अमेरिकेला निघाली. कार्ल विल्हेल्म ह्युब्नरने 1844 मध्ये 'सायलेशियाचे विणकर' रंगवलं. व्यापारी विणलेलं कापड तुच्छतेने नाकारतो आहे आणि विणकराची बायको कोसळते आहे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सायलेशिया या प्रशियन प्रांतात विणकरांचा उठाव झाला आणि सैन्याने तो मोडला. शंभर पत्रकांनी झाला नसता एवढा प्रचार या चित्राने केला, अशा अर्थाचं फ्रीड्रिश एंगेल्सने त्याच वर्षी लिहिलं. योहान पेटर हासेनक्लेव्हरने 1848 च्या क्रांतीनंतर नगरपालिकेत मागणी घेऊन आलेले मजूर रंगवले. टेबलाभोवतीच्या प्रतिष्ठितांची उडालेली गाळण हाच त्याचा विषय.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ह्युब्नरची पद्धत व्होटिएपेक्षा वेगळी नाही. मध्यावर घटना, भोवती प्रतिक्रिया, हातवारे ठसठशीत. ज्या साच्यातून गोड चित्रं निघत, त्याच साच्यातून हे धारदार चित्र निघालं. त्यामुळे गोष्ट सांगणं म्हणजेच खोटेपणा, असं म्हणता येत नाही.

लाइब्ल: तीन बायका, तीन वर्षं

विल्हेल्म लाइब्ल 1844 मध्ये कोलोनला जन्मला आणि म्युनिकच्या अकादमीत शिकला. 1869 मध्ये म्युनिकच्या काचमहालात भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात फ्रान्सचा चित्रकार गुस्ताव्ह कुर्बेने त्याचं काम वाखाणलं. लाइब्ल पॅरिसला गेला, पण 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि परतला. 1873 मध्ये त्याने म्युनिक सोडलं आणि उरलेलं आयुष्य बव्हेरियाच्या खेड्यांत काढलं. उन्हाळ्यात येऊन अभ्यासचित्रं गोळा करून परत जाणारा पाहुणा तो नव्हता. तो तिथेच राहिला, तिथल्या लोकांबरोबर शिकारीला गेला.

1878 मध्ये बेर्ब्लिंगच्या चर्चमध्ये त्याने 'चर्चमधल्या तीन बायका' सुरू केलं. 113 बाय 77 सेंटीमीटरच्या लाकडी फळीवरचं हे चित्र पुरं व्हायला तीनेक वर्षं लागली. काम चर्चमध्येच, बाकांसमोर बसून. हिवाळ्यात तिथे गारठा, आणि मॉडेल म्हणजे गावातल्याच बायका, शेतीची कामं सांभाळून बसायला येणाऱ्या. एक तरुण, दोन म्हाताऱ्या. त्या प्रार्थना करत आहेत. याशिवाय चित्रात काहीही घडत नाही. कोणी कोणाकडे पाहत नाही, रुसवा नाही, गंमत नाही, कोणाचा हात कोणाकडे जात नाही. व्होटिएच्या चित्रात नजरा मोजल्या तर डझनभर धागे निघतात. इथे एकही नाही. आहेत ती म्हातारीची कष्टाने गाठाळलेली बोटं, पुस्तकाची झिजलेली कड, एप्रनच्या कापडाची वीण आणि बाकाच्या लाकडावरचं कोरीवकाम. माणूस आहे तसा रंगवा, आत्मा त्यात आपोआप येतो, असं त्याचं म्हणणं होतं. हे चित्र पाहताना ते पटतं.

त्याची पद्धतही वर सांगितलेल्या क्रमाच्या उलट होती. खाली रेखाटन नाही, तपकिरी थर नाही, पारदर्शक हात नाहीत. ओल्या रंगात थेट, एक तुकडा पुरा करायचा आणि मग शेजारचा घ्यायचा. तुकडा मनासारखा नसेल तर खरवडून टाकायचा आणि पुन्हा. म्हणून त्याचा पृष्ठभाग आजही घट्ट, स्वच्छ दिसतो: एकमेकांशी भांडणारे थर नाहीत आणि अस्फाल्टचा खेळ नाही.

पण या पद्धतीला किंमत आहे. मॉडेलच्या अगदी जवळ बसून तुकड्या-तुकड्याने रंगवलं की जवळचा गुडघा किंवा हात मोठा होत जातो आणि मागचं डोकं लहान राहतं. संपूर्ण रचनेवर लांबून नजर टाकायला अरुंद खोलीत जागाच नसते. 1882 ते 1886 या काळात केलेल्या 'चोरटे शिकारी' या मोठ्या चित्रात हेच झालं. एकेक डोकं अप्रतिम आणि सगळ्यांचं मिळून प्रमाण चुकलेलं. लाइब्लने शेवटी ते चित्र कापलं. तुकडे उरले, आणि त्यांतले काही बर्लिनला आहेत. ड्युसेलडॉर्फच्या हाताएवढ्या कच्च्या रेखाटनाचा उपयोग काय होता, हे या कापलेल्या चित्रावरून कळतं.

मेंझेल आणि लीबरमान

आडोल्फ मेंझेलने 1872 मध्ये अप्पर सायलेशियातल्या क्योनिग्सह्युटच्या पोलाद कारखान्यात, आजच्या पोलंडमधल्या खोझूफमध्ये, जाऊन शंभरावर रेखाटनं केली. त्यातून 1875 मध्ये 'लोखंडाची रूळगिरणी' तयार झालं: 158 बाय 254 सेंटीमीटर, म्हणजे लढायांच्या चित्रांना मिळे तेवढं माप त्याने मजुरांना दिलं. मध्ये लालभडक लोखंड रुळांच्या यंत्रात शिरतं आहे, भोवती चिमटे धरलेली माणसं. पण डावीकडे पाळी संपलेले मजूर अंग धुताहेत आणि उजवीकडे खाली, पत्र्याच्या आडोशाला, काही जण जेवताहेत. त्यांच्यासाठी एक मुलगी टोपलीतून खाणं घेऊन आली आहे. यंत्र थांबत नाही म्हणून माणसं त्याच्याच शेजारी जेवतात. हे कुठेही लिहिलेलं नाही, मांडणीतून कळतं. जर्मन चित्रकलेत कारखान्यातल्या कामाचं एवढं सखोल निरीक्षण याआधी झालेलं नव्हतं.

माक्स लीबरमानच्या 'हंसांची पिसं उपटणाऱ्या' या 1872 मधल्या चित्राने त्याला 'कुरूपतेचा प्रेषित' हे बिरुद मिळालं. म्हाताऱ्या बायका, अंधारी खोली, घाणेरडं काम, आणि त्यावर विनोदाचा शिडकावा नाही. बर्लिनच्या रसिकांना हेच खुपलं. 1887 मधल्या 'लारेनची जवस-शेड' या त्याच्या चित्रात नेदरलँड्समधलं गाव आहे. लांबलचक शेडमध्ये बायका जवसाच्या झाडाचे तंतू कातत उभ्या आहेत आणि चाकं फिरवायला लहान मुलं बसवली आहेत. मुलं चोरून जाम खाण्याऐवजी कामाला लागली की काय बदलतं, ते क्नाउसच्या चित्रांतल्या मुलांशेजारी ही मुलं ठेवून पाहावं.

चित्रांपेक्षा त्यांच्या छापील प्रती जास्त पसरल्या

क्नाउस किंवा व्होटिए लोकांना माहीत झाले ते मूळ चित्रांतून कमीच. लाइपझिगहून 1853 पासून निघणारं 'गार्टेनलाउबे' हे कौटुंबिक साप्ताहिक 1875 मध्ये 3,82,000 प्रतींवर गेलं होतं, आणि त्यात लाकडी ठशांवरून छापलेली जनजीवनचित्रं नियमित येत. ठसा कोरताना रंग जातो, हवा जाते, ब्रशचा हात जातो. गोष्ट मात्र शाबूत राहते. म्हणून गोष्टीची चित्रं छापण्यात जिंकली आणि लाइब्ल मागे राहिला. पुढे रंगीत शिळाछापाने हीच चित्रं तेलरंगाची चमक देऊन स्वस्तात विकली. या जर्मन तंत्राचा महाराष्ट्राशी सरळ धागा आहे: राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याची यंत्रं जर्मन, तंत्रज्ञही जर्मन, आणि त्यांतल्या फ्रिट्झ श्लायशरने नंतर तो छापखाना विकतच घेतला. आपल्याकडच्या देवघरांतल्या लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं याच छपाईतून आली.

20व्या शतकात या चित्रांचा गैरवापर झाला, तोही सांगायला हवा. हिटलरला श्पिट्झवेग आणि दारू पिणारे साधू रंगवणारा एडुआर्ड फॉन ग्र्युट्स्नर आवडत. 1937 पासून म्युनिकला भरवलेल्या सरकारी कलाप्रदर्शनांत शेतकरी कुटुंबांची चित्रं 'शुद्ध' वंशाचा पुरावा म्हणून मांडली गेली. श्वाल्मची टोपी किंवा बव्हेरियन बाक तेच, पण हेतू विषारी. लीबरमान ज्यू होता; त्याने 1933 मध्ये प्रशियन कला अकादमी सोडली आणि 1935 मध्ये तो वारला. या इतिहासामुळे युद्धानंतर कित्येक वर्षं जर्मन अभ्यासक खेड्यांच्या चित्रांकडे संशयाने पाहत राहिले. तो संशय समजण्यासारखा आहे, पण 1868 चं चित्र 1937 च्या डोळ्यांनी वाचणं चूकच.

प्रत्यक्ष पाहायला जाणार असाल तर

बर्लिन किंवा म्युनिकला नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्यांना हे सोपं आहे, पण मोठी संग्रहालयं आपली चित्रं उत्तम प्रतीत संकेतस्थळावरही ठेवतात. चित्रासमोर शीर्षक वाचायच्या आधी उभं राहा. उजेड कुठून येतो ते शोधा. खिडकी, दिवा की नुसताच सोयीचा उजेड? मग नजरांचे धागे जोडा: कोण कोणाकडे पाहतंय, आणि कोणी तुमच्याकडे पाहतंय का? सगळे धागे एका ठिकाणी आले तर चित्र गोष्ट सांगतंय. त्यानंतर हातांकडे वळा. अंगाला न शोभणारे गुळगुळीत हात दिसले तर मॉडेल शहरातली असण्याची शक्यता आहे. मग जमीन पाहा: माती, पेंढा, सांडलेलं पाणी आहे की झाडून ठेवलेली स्वच्छ फरशी? गावाची खरी ओळख चित्रकाराला किती होती, हे चेहऱ्यांपेक्षा जमिनीवर लवकर कळतं. शेवटी थोडं तिरकं उभं राहून पृष्ठभागावर उजेड पडू द्या, म्हणजे भेगा आणि बुजवलेल्या जागा दिसतील.

मेंझेलची रूळगिरणी, 'नाचाचा पहिला धडा' आणि लीबरमानची जवस-शेड बर्लिनच्या आल्टे नात्सिओनालगालेरीच्या संग्रहात आहेत, त्यामुळे गोष्ट सांगणारं आणि नुसतं पाहणारं चित्र एकाच दुपारी ताडून पाहता येतं. 'तीन बायका' हॅम्बुर्गच्या कुन्स्टहालेत आहे. श्पिट्झवेगसाठी श्वाइनफुर्टचं गेओर्ग शेफर संग्रहालय गाठावं. त्याच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह तिथला. 'गरीब कवी' म्युनिकच्या नॉय पिनाकोथेकच्या मालकीचं आहे. ती इमारत 2018 च्या अखेरीस दुरुस्तीसाठी बंद झाली, तेव्हा सध्या कोणती चित्रं कुठे लावली आहेत हे निघण्याआधी तपासावं. याच चित्राची श्पिट्झवेगने स्वतः केलेली दुसरी प्रत बर्लिनला होती. 3 सप्टेंबर 1989 रोजी शार्लोटेनबुर्ग राजवाड्यातून ती चोरीला गेली, आणि अजून सापडलेली नाही.